एका वर्गातील पाच पायऱ्या

उत्तर बिहारमधील एका गावच्या सरकारी शाळेत गेल्या हिवाळ्यात मी एक पूर्ण दिवस पाचवीच्या वर्गात, मागच्या रांगेतील मुलांशेजारी बसून काढला. पटावर ४१ मुले होती. त्या दिवशी हजर होती २९. हिंदीचा तास सुरू होता. शिक्षिका वेळेवर आलेल्या, तयारी करून आलेल्या. त्या धड्यातील एकेक वाक्य वाचत, मुले ते एका सुरात म्हणत, मग कठीण शब्दांचे अर्थ फळ्यावर लिहिले जात आणि मुले ते वहीत उतरवून घेत. गडबड नव्हती, छडी नव्हती, कोणी पेंगत नव्हते. एखादा शिक्षणाधिकारी त्या वेळी दारातून डोकावला असता, तर समाधानाने मान डोलावून पुढे गेला असता.

दुपारचे भोजन झाल्यावर शिक्षिकेच्या परवानगीने मी व्हरांड्यात बसले आणि एकेका मुलाला जवळ बोलावून एक कागद वाचायला दिला. कागदावर चार गोष्टी होत्या: काही सुटी अक्षरे, काही सोपे शब्द, पहिलीच्या पातळीचा चार ओळींचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची एक छोटी गोष्ट. ८ मुलांनी, अडखळत का होईना, गोष्ट वाचली. ६ मुले परिच्छेदापर्यंत पोहोचली. ५ मुलांना सुटे शब्द वाचता आले, पण सलग ओळ समोर आली की ती थांबत. ७ मुलांना केवळ अक्षरे ओळखता आली, आणि ३ मुलांना तीही नाहीत. एकाच वर्गात, एकाच चटईवर बसलेली ही मुले पाच वेगवेगळ्या पायऱ्यांवर उभी होती. सकाळी एका सुरात म्हटला गेलेला धडा मात्र यांतील सर्वांत वरच्या पायरीच्याही तीन इयत्ता वर होता.

शाळा सुटल्यावर मी तो हिशेब जरा संकोचानेच शिक्षिकेपुढे ठेवला. त्या दुखावतील, निदान कारणे सांगू लागतील, असे मला वाटले होते. त्यांनी कागदाकडे पाहिलेही नाही. हजेरीपट उघडून एकेका नावावर बोट ठेवत त्या सांगू लागल्या: हा वाचतो, हिला शब्द येतात, हा नुसताच मान हलवतो. २९ पैकी २६ मुलांबाबत त्यांचा अंदाज माझ्या कागदाशी तंतोतंत जुळला. मग पट मिटून त्या म्हणाल्या, ‘‘मॅडम, हे मला ठाऊक आहे. पण फेब्रुवारीपर्यंत पुस्तक संपले नाही, तर मला जाब द्यावा लागतो. या तीन मुलांना अक्षरे येत नाहीत, याबद्दल मला आजवर एकदाही कोणी विचारलेले नाही.’’

आपल्या शिक्षणव्यवस्थेविषयी अनेक अहवालांतून मला जे समजले नव्हते, ते या दोन वाक्यांतून समजले. शिक्षकांना मुलांमधील फरक दिसत नाही, असे आपण गृहीत धरतो आणि त्यासाठी प्रशिक्षणे आखतो. फरक त्यांना दिसतो. त्या फरकानुसार शिकवण्याची मुभा त्यांना नसते.

ही एका गावाची किंवा एका राज्याची गोष्ट नाही. ‘प्रथम’ या संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून ग्रामीण भारतात घरोघरी जाऊन मुलांचे वाचन आणि गणित तपासणारे ‘असर’ हे सर्वेक्षण होते. व्हरांड्यात मी वापरलेला कागद त्याच धर्तीचा होता. २०२४ च्या सर्वेक्षणात ६०५ जिल्ह्यांतील सुमारे साडेसहा लाख मुलांपर्यंत स्वयंसेवक पोहोचले. पाचवीतील मुलांपैकी ४८.७ टक्के मुले दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकली आणि ३०.७ टक्के मुलांना भागाकार करता आला. सरकारी शाळांतील तिसरीच्या मुलांमध्ये दुसरीचा मजकूर वाचू शकणाऱ्यांचे प्रमाण २०२२ मध्ये १६.३ टक्क्यांवर घसरले होते. ते २०२४ मध्ये २३.४ टक्क्यांवर आले. करोनाकाळातील पीछेहाट बऱ्याच अंशी भरून निघाली, ही समाधानाची बाब आहे. तरीही सरकारी शाळेतील तिसरीच्या चार मुलांपैकी तीन मुले एक इयत्ता मागे आहेत, असाही त्याच आकड्याचा अर्थ होतो.

हे आकडे प्रसिद्ध होतात, दोन दिवस चर्चा होते, राज्याराज्यांची तुलना होते. पण सरासरी ही वर्गातील शिक्षकाच्या उपयोगाची गोष्ट नाही. तिच्यापुढे ‘४८.७ टक्के’ नावाचे मूल बसलेले नसते. तिच्यापुढे गोष्ट वाचणारी आठ आणि अक्षरही न ओळखणारी तीन मुले एकाच वेळी बसलेली असतात आणि तिच्या हाती सर्वांसाठी एकच पुस्तक असते. हा फरक वरच्या इयत्तांत आणखी रुंदावतो. कार्तिक मुरलीधरन, अभिजित सिंग आणि अलेहान्द्रो गानिमियन या अर्थतज्ज्ञांनी दिल्लीतील सरकारी माध्यमिक शाळांत जाणाऱ्या मुलांचा अभ्यास केला, तेव्हा एकाच इयत्तेतील मुलांच्या प्रत्यक्ष पातळीत पाच ते सहा इयत्तांचे अंतर आढळले. अशा वर्गात नेमून दिलेला धडा शिकवणारा शिक्षक, कितीही कष्टाळू असला तरी, मोजक्या मुलांशीच बोलत असतो.

कायदा याबाबत काय म्हणतो? शिक्षण हक्क कायदा २००९ मध्ये संमत झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या २४ व्या कलमात शिक्षकाची कर्तव्ये दिली आहेत. त्यांतील एक कर्तव्य असे की, शिक्षकाने संपूर्ण अभ्यासक्रम ठरलेल्या मुदतीत पूर्ण करावा. त्याच्या लगेच पुढचे कर्तव्य असे की, शिक्षकाने प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता जोखावी आणि तिला अनुसरून आवश्यक ते जादा अध्यापन करावे. दोन्ही वाक्ये एकाच कलमात, एकाखाली एक आहेत. कायदा करणाऱ्यांना त्यांत विसंगती वाटली नसावी. वर्गात मात्र ही दोन कर्तव्ये रोज एकमेकांपुढे उभी ठाकतात, आणि प्रत्येक वेळी पहिलेच जिंकते. कारण पहिले मोजता येते. कितवा धडा चालू आहे, हे तपासायला अर्धा मिनिट पुरतो. कोणते मूल कोणत्या पायरीवर आहे, हे तपासायला २९ मुलांजवळ बसावे लागते.

या सवयीची मुळे जुनी आहेत. शिक्षणतज्ज्ञ कृष्ण कुमार यांनी आपल्या लेखनातून दाखवून दिले आहे की, वसाहतकाळात शिक्षक हा सरकारी यंत्रणेतील अगदी खालच्या पायरीवरचा नोकर झाला, आणि काय शिकवायचे, किती वेगाने शिकवायचे, हे ठरवण्याचा अधिकार त्याच्या हातून निघून पाठ्यपुस्तक आणि परीक्षा यांच्याकडे गेला. स्वातंत्र्यानंतर पुस्तके बदलली, भाषा बदलल्या, चित्रे रंगीत झाली. सत्तेची ही रचना फारशी बदलली नाही. १९९३ मध्ये प्रा. यशपाल यांच्या अध्यक्षतेखालील समितीने दप्तराच्या ओझ्याविषयी अहवाल दिला. दप्तराच्या वजनापेक्षा न समजण्याचे ओझे अधिक घातक आहे, असा त्या समितीचा निष्कर्ष होता. आपण वजनकाटा घेऊन दप्तरे तोलत राहिलो.

मी हे सारे एखाद्या निरीक्षकाच्या खुर्चीतून लिहिते आहे, असे वाचकांना वाटू नये. सुमारे तीस वर्षांपूर्वी एका शहरातील शाळेत मी तीन वर्षे सहावीला गणित शिकवत होते. अभ्यासक्रम वेळेआधी संपवणारी शिक्षिका अशी माझी ख्याती होती आणि तिचा मला अभिमान होता. माझ्या वर्गात मागच्या बाकावर एक मुलगा बसे. त्याचे अक्षर मोत्याच्या दाण्यांसारखे होते. त्याची वही मी इतरांना नमुना म्हणून दाखवत असे. मार्चमध्ये, उजळणीच्या तासाला, सहज म्हणून मी त्याला एक शाब्दिक उदाहरण मोठ्याने वाचायला सांगितले. तो उभा राहिला, पुस्तकाकडे पाहत राहिला, मग माझ्याकडे पाहत राहिला. त्याला वाचता येत नव्हते. वर्षभर तो फळ्यावरील अक्षरे चित्रे उतरवावीत तशी उतरवत होता, आणि मी त्या चित्रांखाली वर्षभर ‘छान’ असा शेरा देत होते.

परीक्षेला दोन आठवडे राहिले होते. मी त्याला उत्तीर्ण केले. त्या वेळी मला तो दयाळूपणा वाटला. आठवीत त्याने शाळा सोडल्याचे मला पुढे कोणाकडून तरी कळले. शाळेने मला दोष दिला नाही, त्याच्या आईवडिलांनीही दिला नाही. माझा अभ्यासक्रम वेळेत पूर्ण झालेला होता.

मुलामुलांतील फरक ओळखून शिकवणे, ही कल्पना आपल्याला कोणी परदेशातून आणून दिलेली नाही. गुजरातेत भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांनी शंभर वर्षांपूर्वी मुलाच्या गतीने चालणारी बालशाळा उभी केली. ‘दिवास्वप्न’ या त्यांच्या पुस्तकातील शिक्षक सरकारी शाळेत, रोजच्या अडचणींमध्ये हेच करून पाहतो. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी तो विचार महाराष्ट्रात आणला आणि बोर्डी व कोसबाड येथे, अनुताई वाघ यांच्या साथीने, आदिवासी मुलांपर्यंत नेला. आंध्र प्रदेशातील ऋषी व्हॅलीच्या परिसरातील एकशिक्षकी ग्रामीण शाळांसाठी पाठ्यपुस्तकाची फोड करून छोटी छोटी कार्डे तयार झाली. प्रत्येक मूल आपापल्या शिडीवर, आपापल्या वेगाने चढते. शिक्षक ज्याला गरज असेल त्याच्याजवळ बसतो. हीच कल्पना १९९५ च्या सुमारास कर्नाटकातील एच. डी. कोटे तालुक्यात ‘नली-कली’ या नावाने सरकारी शाळांत आली. चेन्नई महापालिकेच्या काही शाळांत ती २००३ पासून रुजली आणि २००७ मध्ये तमिळनाडूच्या सर्व सरकारी प्राथमिक शाळांत गेली.

या प्रयोगांनी वर्गाचे रूपच बदलले. फळा खाली, मुलांच्या उंचीवर आला. मुले गोल करून बसली. आजारपणामुळे किंवा शेतीच्या कामामुळे आठवडाभर गैरहजर राहिलेले मूल परत आले की, जिथे थांबले होते तिथूनच सुरू करू लागले. त्याच्यावाचून वर्ग पुढे निघून गेलेला नसे. उणिवाही दिसल्या. जिथे कार्डे आली पण त्यांमागील विचार आला नाही, तिथे कार्डे हेच नवे पाठ्यपुस्तक झाले: मूल एका कार्डावरून दुसऱ्यावर सरकते आणि शिक्षक नोंदी भरत बसतो. पद्धतीचे साहित्य पोहोचवणे सोपे असते. शिक्षकाचा विवेक ट्रकमधून पोहोचवता येत नाही.

दुसरा मार्ग याहून साधा आहे. दिवसातील एक-दोन तास इयत्ता बाजूला ठेवायची, मुलांना त्यांच्या वाचनाच्या किंवा गणिताच्या पायरीनुसार गटांत बसवायचे आणि त्या पायरीपासून पुढे न्यायचे. मुंबई आणि वडोदरा येथे या शतकाच्या आरंभी चाललेल्या ‘बालसखी’ उपक्रमात वस्तीतील तरुणी मागे पडलेल्या मुलांना शाळेच्या वेळातच वेगळे बसवून पायाभूत वाचन-गणित शिकवत. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या उपक्रमाचे काटेकोर मूल्यमापन केले. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दिसले की, मुलांची प्रगती झाली आणि सर्वांत मागे असलेल्या मुलांची अधिक झाली. पुढे याच पद्धतीचे प्रयोग अनेक राज्यांत आणि आफ्रिकेतील काही देशांतही झाले.

त्यांतील बिहारचा अनुभव मला सर्वांत बोलका वाटतो. २००८ च्या उन्हाळी सुट्टीत तेथील सरकारी शिक्षकांनीच मागे पडलेल्या मुलांसाठी सुमारे महिनाभर वर्ग चालवले. एवढ्या अल्प काळात मुलांच्या वाचनात आणि गणितात मोजता येण्याजोगी सुधारणा झाली. शाळा सुरू झाल्यावर त्याच राज्यातील शिक्षकांना त्याच पद्धतीचे प्रशिक्षण आणि साहित्य देण्यात आले, तेव्हा मात्र मुलांच्या शिकण्यात काहीही फरक पडला नाही. शिक्षक तेच, पद्धत तीच, मुलेही तीच. उन्हाळ्यात त्यांच्यापुढे फक्त मूल होते. जूननंतर त्यांच्यापुढे पाठ्यपुस्तक आले. सरकारी शिक्षकांना शिकवता येत नाही, असे म्हणणाऱ्यांनी आणि प्रशिक्षण दिले की सारे सुधारेल, असे मानणाऱ्यांनी, दोघांनीही या निष्कर्षापाशी क्षणभर थांबावे.

काही वर्षांनी हरियाणाने या कोड्याचे एक उत्तर शोधले. २०१२-१३ मध्ये तेथील काही शाळांच्या वेळापत्रकात या कामासाठी रोज एक स्वतंत्र तास राखून ठेवला गेला. पर्यवेक्षकांनी आधी स्वतः काही दिवस मुलांना या पद्धतीने शिकवून पाहिले आणि मग ते शिक्षकांना मार्गदर्शन करू लागले. मुलांचे वाचन सुधारले. सरकारने तो तास अधिकृत केला होता; त्या तासात पाठ्यपुस्तक मागे पडले म्हणून कोणी जाब विचारणार नव्हते. बिहारमधील शिक्षिकेला जी मुभा हवी होती, ती इथे वेळापत्रकात लिहून मिळाली होती.

मुलांना पातळीनुसार बसवण्यातील धोका मी जाणून आहे, आणि तो लहान नाही. महाराष्ट्रातील वाचकांना ‘अ’ तुकडी आणि ‘ड’ तुकडी यांतील अंतर समजावून सांगण्याची गरज नाही. दिल्ली सरकारने २०१६ मध्ये ‘चुनौती’ योजनेखाली वरच्या प्राथमिक वर्गांतील मुलांची वाचनाच्या पातळीनुसार विभागणी केली आणि गटांना ‘प्रतिभा’, ‘निष्ठा’ अशी नावे दिली. गटाला कितीही सुंदर नाव दिले, तरी त्याचा खरा अर्थ काय, हे मुलांना पहिल्या आठवड्यातच कळते. आपल्या देशात तर ही विभागणी कोऱ्या पाटीवर होत नाही. शेवटच्या गटात कोणत्या वस्तीतील, कोणत्या जातीतील, कोणत्या भाषेची मुले जमतात, हे पाहायला फार दूर जावे लागत नाही. शिकण्यातील फरक म्हणून जे आपण नोंदवतो, त्यातला मोठा भाग संधीतील फरकाचा असतो. तो कायमच्या तुकडीत बंदिस्त करणे म्हणजे समाजाने दिलेल्या निकालावर शाळेने शिक्का मारणे होय.

म्हणून गट आणि तुकडी यांतील भेद काटेकोरपणे पाळायला हवा. गट दिवसातील एक-दोन तासांपुरता असतो. उरलेला दिवस सर्व मुले एकत्र बसतात, खेळतात, गातात, प्रयोग करतात. गट विषयानुसार बदलतो: वाचनात मागे असलेली मुलगी तोंडी हिशेबात सर्वांच्या पुढे असू शकते, कारण संध्याकाळी ती आईबरोबर भाजीच्या गाड्यावर उभी असते. गट महिन्या-दीड महिन्याने पुन्हा जोखला जातो आणि मूल वर सरकते. ज्या गटातून कोणी वर जात नाही, तो गट राहिलेला नसतो. त्याची तुकडी झालेली असते. आणि सर्वांत मागच्या गटाला सर्वांत अनुभवी शिक्षक मिळायला हवा. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी नेमके उलटे घडते.

वैयक्तिक फरकांच्या नावाखाली चालणाऱ्या भ्रामक समजुतींपासूनही सावध राहायला हवे. शिक्षक-प्रशिक्षणाच्या वर्गांत आजही सांगितले जाते की, काही मुले डोळ्यांनी शिकणारी, काही कानांनी शिकणारी आणि काही हातांनी शिकणारी असतात. तेव्हा प्रत्येकाला त्याच्या शैलीनेच शिकवावे. चार मानसशास्त्रज्ञांनी २००८ मध्ये या विषयावरील संशोधनाचा आढावा घेतला, तेव्हा शैलीनुसार शिकवल्याने अधिक शिकणे होते, याला पुरेसा आधार त्यांना सापडला नाही. पाहणे, ऐकणे आणि हाताळणे यांची गरज सर्वच मुलांना असते. शिक्षकाच्या मर्यादित वेळात ज्या फरकांची दखल घेणे अत्यावश्यक आहे, ते वेगळेच आहेत: मुलाला आधी काय येते, ते घरी कोणती भाषा बोलते, त्याला दिसते-ऐकू येते का, ते रोज शाळेत येऊ शकते का.

यांतील भाषेचा प्रश्न आपण सर्वाधिक दुर्लक्षिला आहे. संथाली, गोंडी किंवा कोरकू बोलणारे मूल पहिल्या दिवशी शाळेत येते, तेव्हा त्याला एकाच वेळी दोन गोष्टी शिकाव्या लागतात: वाचणे, आणि ज्या भाषेत वाचायचे ती भाषा. त्याच्या गप्प राहण्याला शाळा मंदपणा समजते. ओडिशाने आदिवासी मुलांना सुरुवातीची वर्षे त्यांच्या मातृभाषेत शिकवून हळूहळू ओडियाकडे नेण्याचा कार्यक्रम हाती घेतला, तो याच कारणासाठी. दुसरा प्रश्न अक्षम मुलांचा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने विशिष्ट अध्ययन अक्षमतेला मान्यता दिली. म्हणजे बुद्धी उत्तम असूनही ज्याला अक्षरे लावता येत नाहीत, अशा मुलाला कायद्याने नाव मिळाले. परंतु जिथे वर्गातील निम्मी मुले केवळ नीट शिकवले न गेल्याने मागे आहेत, तिथे असे मूल वेगळे दिसतच नाही. सर्वांना पायरीनुसार शिकवल्यावरही जे अडून राहते, त्याचीच खरी ओळख पटते आणि त्याला विशेष शिक्षकाची मदत देता येते.

तंत्रज्ञान हा प्रश्न सोडवील का? दिल्लीच्या ज्या अभ्यासाचा मी वर उल्लेख केला, त्यात प्रत्येक मुलाच्या पातळीनुसार प्रश्न बदलणारी संगणक-प्रणाली वापरली होती आणि साडेचार महिन्यांत मुलांची चांगली प्रगती झाली होती. ती प्रगती शाळेबाहेरच्या केंद्रात, संगणकासोबत छोट्या गटात शिकवणाऱ्या माणसाच्याही मदतीने झाली होती, हे विसरता कामा नये. तंत्रज्ञानाने शिक्षकाचे ओझे हलके झाले, तर त्याचे स्वागतच आहे. आज मात्र बहुतेक राज्यांत शिक्षकाच्या हातातील मोबाइल हा मुलांची माहिती वर पाठवण्याचे साधन झाला आहे. मुलाची पायरी जोखायची ती उद्या त्याला काय शिकवावे हे ठरवण्यासाठी. राजधानीतील एखाद्या पडद्यावर हिरवा ठिपका उमटावा म्हणून नव्हे.

आपली सार्वजनिक चर्चा मात्र उत्तीर्ण-अनुत्तीर्ण या एकाच मुद्द्याभोवती फिरते. शिक्षण हक्क कायद्यातील ‘ढकलत नेण्या’च्या तरतुदीवर टीका झाली, २०१९ मध्ये कायदा बदलून राज्यांना पाचवी व आठवीत मुलांना मागे ठेवण्याची मुभा मिळाली आणि डिसेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने आपल्या अखत्यारीतील शाळांसाठी ती अमलात आणली. ढकलत नेल्याने मुले शिकत नाहीत, हे टीकाकारांचे म्हणणे मला मान्य आहे. माझ्या वर्गातील तो मुलगा त्याचा पुरावा आहे. पण त्याला मी नापास केले असते, तर पुढच्या वर्षी त्याने काय केले असते? तीच पुस्तके, तोच फळा, तेच सुंदर अक्षर. मूल पुढच्या वर्गात बसले काय आणि मागच्या वर्गात बसले काय, शिकवणे जर त्याच्या पायरीपासून सुरू होत नसेल, तर फरक एवढाच पडतो की, एका ठिकाणी ते मुकाट्याने मागे राहते आणि दुसऱ्या ठिकाणी अपमानित होऊन.

आशेला जागा आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पाच कोटींहून अधिक मुलांना पायाभूत वाचन-गणित येत नसावे, असा अंदाज मोकळेपणाने मांडला. जुलै २०२१ मध्ये ‘निपुण भारत’ मोहीम सुरू झाली आणि २०२६-२७ पर्यंत तिसरीतील प्रत्येक मुलाला हे कौशल्य यावे, असे उद्दिष्ट ठरले. मोहिमेचा भर तिसरीपर्यंतच्या मुलांवर आहे आणि तो योग्यच आहे. पण मी भेटले ती २९ मुले पाचवीत होती. पाया घालण्याचे वय ओलांडून गेलेल्या या मुलांसाठी कोणती मोहीम आहे?

मला सुचणारे उपाय साधे आहेत. तिसरी ते आठवीच्या वेळापत्रकात रोज किमान एक तास पायरीनुसार शिकवण्यासाठी कायमचा राखून ठेवावा. प्राथमिक इयत्तांची पुस्तके निम्म्याने नाही तरी एक-तृतीयांशाने पातळ करावीत. शाळा तपासायला येणाऱ्या अधिकाऱ्याने ‘कितवा धडा?’ हा प्रश्न विचारणे थांबवून ‘गेल्या महिन्यात किती मुले वरच्या गटात गेली?’ असे विचारावे आणि उत्तर मुलांकडूनच ऐकावे. देशात आजही एक लाखाहून अधिक एकशिक्षकी शाळा आहेत. त्यांना दुसरा शिक्षक द्यावा, आणि शिक्षकांना सर्वेक्षणे व याद्या यांतून सोडवावे. आणि शिक्षण हक्क कायद्याच्या त्या कलमातील दोन कर्तव्यांत कोणते मोठे, हे एकदा स्पष्ट लिहावे. अभ्यासक्रम मुलासाठी असतो, असे आपण सारेच म्हणतो. मग तसे लिहायला हरकत नसावी.

त्या दिवशी निघताना मी शिक्षिकेला विचारले, ‘‘तुम्हाला रोज एक तास मोकळा दिला, तर काय कराल?’’ त्यांनी क्षणाचाही विचार केला नाही. म्हणाल्या, ‘‘या तिघांना सर्वांत पुढे बसवीन. यांतला एक वडिलांबरोबर दरवर्षी तीन महिने पंजाबात जातो. तो मंद नाही, मॅडम. तो परत येतो, तेव्हा पुस्तक पुढे गेलेले असते.’’

व्हरांड्यात मी त्या मुलाची वही पाहिली होती. अक्षर फार सुरेख होते.